जड कूलर, उभं कॅबिनेट: प्रोसेसरवर मोठा एअर कूलर सुरक्षित कसा बसवायचा

प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू) थंड ठेवणारा मोठा एअर कूलर म्हणजे सव्वा-दीड किलोचा तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, तोही दोन-चार स्क्रूंच्या भरवशावर. मदरबोर्ड (सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्ड) टेबलावर आडवा असतो तोवर काही वाटत नाही. कॅबिनेट उभं केलं की तोच ठोकळा भिंतीतून बाहेर काढलेल्या छज्जासारखा लटकतो आणि पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याला घाम फुटतो. घाबरायचं कारण नाही. नीट बसवलेला कूलर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. तो बिघडवतात दोनच गोष्टी: कामाचा उलटा क्रम आणि प्रवास.

प्रवासाचं मुद्दाम आधीच सांगतो. ठाण्या-नवी मुंबईतले बरेच जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात जातात, दुकानातच पीसी जोडून घेतात आणि तयार कॅबिनेट टॅक्सीत घालून घोडबंदरला किंवा खारघरला आणतात. दुकानातला मुलगा कूलर नीट बसवतो यात शंका नाही. पण पुढचे तीस-चाळीस किलोमीटर खड्डे, स्पीडब्रेकर आणि मेट्रोच्या कामामुळे उखडलेले रस्ते तो झेलत नाही, तुमचा मदरबोर्ड झेलतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: सुटे भाग खोक्यांतच घरी आणा आणि कूलर घरी बसवा. कूलरचं खोकं मांडीवर घेऊन ग्रँट रोडहून दादर, दादरहून ठाणे हा प्रवास लोकलनेही आरामात होतो, फक्त संध्याकाळची गर्दी टाळा. रविवारी तिथली बहुतांश दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवार दुपार बरी.

आणि हो, एवढा मोठा कूलर लागतोच का, हेही विचारून घ्या स्वतःला. एएमडीच्या रायझन ५ ७६०० सारख्या प्रोसेसरबरोबर खोक्यातच कूलर येतो. ऑफिसचं काम आणि थोडंफार गेमिंग असेल तर तो किंवा एक मनोऱ्याचा (धातूच्या पातळ पात्यांची एकच उभी थप्पी असलेला) साधा कूलर पुरतो. रायझन ७ ७७००एक्स सारख्यांबरोबर मात्र कूलर येतच नाही. व्हिडिओ एडिटिंग, रेंडरिंग असं तासन्‌तास चालणारं काम असेल आणि एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय खोलीत बसायचं असेल, तर दोन मनोऱ्यांचा कूलर घ्या. कुठलाही एअर कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोली ३४ अंशांवर असेल तर मोजणी तिथूनच सुरू होते.

१. पैसे देण्याआधी तीन मापं

दुकानात "शेठ, हा कूलर या कॅबिनेटमध्ये बसेल ना?" असं विचारलं की "बसेल हो, बिनधास्त घ्या" हेच उत्तर मिळतं. त्यावर जाऊ नका. मिलिमीटर विचारा, नाहीतर फोनवर कंपनीच्या पानावर स्वतः पाहा.

पहिलं माप उंचीचं. कॅबिनेटच्या माहितीत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) कूलरच्या उंचीची कमाल मर्यादा दिलेली असते. कॉर्सेअर ४०००डी मध्ये ती १७० मिमी आहे, काही स्वस्त कॅबिनेटमध्ये १६० सुद्धा नसते. आता कूलर पाहा: थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिमी, डीपकूल एके६२० १६० मिमी, नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५ मिमी. उंची जास्त झाली तर बाजूचं झाकण लागत नाही. ते काचेचं असेल तर दाबून बसवण्याचा प्रयत्नही करू नका, टफन्ड काच कोपऱ्यात थोडी दाबली गेली तरी क्षणात चुरा होते.

दुसरं माप रॅमचं, आणि खरा घोळ इथेच होतो. मोठ्या कूलरचा पुढचा फॅन रॅमच्या डोक्यावर येतो. एनएच-डी१५ मध्ये त्या फॅनखाली ३२ मिमी जागा असते. जी-स्किल ट्रायडंट झेड५ आरजीबी रॅमची उंची आहे ४४ मिमी. म्हणजे फॅन १२ मिमी वर सरकवावा लागणार, आणि १६५ ची उंची झाली १७७. तुमच्या १७० च्या कॅबिनेटचं झाकण गेलं! कूलर मावतो, रॅम मावते, दोन्ही मिळून मावत नाहीत. हे गणित कोणी दुकानात करून देत नाही. यावर तीन उपाय: कमी उंचीची रॅम घ्या (जी-स्किल फ्लेअर एक्स५ ३३ मिमी आहे, म्हणजे फॅन जेमतेम १ मिमी सरकतो), पुढचा फॅन काढून फक्त मधला ठेवा, किंवा असा कूलर निवडा ज्याचे मनोरे मागच्या बाजूला सरकवलेले आहेत. लुकलुकणाऱ्या रॅमचा मोह सोडवत नसेल तर दुसरा उपाय बरा. एक फॅन कमी झाल्याने तापमानात काही अंशांचाच फरक पडतो.

तिसरं माप सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं. इंटेलच्या एलजीए १२०० पर्यंतच्या नेहमीच्या सॉकेटला स्क्रूची भोकं ७५ मिमी अंतरावर होती. २०२१ च्या शेवटी आलेल्या एलजीए १७०० ला ती ७८ मिमी झाली, आणि एलजीए १८५१ लाही तीच आहेत. त्यामुळे मित्राने दिलेला जुना कूलर नव्या बोर्डावर "जवळपास" बसतो, नीट बसत नाही. त्या कंपनीचा एलजीए १७०० चा सुटा संच घ्यावा लागतो. एएमडीकडे एएम४ आणि एएम५ सॉकेटची भोकं एकाच अंतरावर आहेत, पण बॅकप्लेटची, म्हणजे बोर्डामागच्या आधाराच्या प्लेटची, भानगड वेगळी आहे. ती चौथ्या पायरीत.

२. काय काय जवळ हवं

- लांब दांड्याचा, टोकाला चुंबक असलेला चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर. दांडा निदान १५ सेंटिमीटर हवा, कारण स्क्रू दोन मनोऱ्यांच्या मधल्या फटीत खोल असतात. काही कंपन्या कूलरच्या खोक्यातच ड्रायव्हर देतात, आधी तिथे पाहा.
- थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधली फट भरून उष्णता पुढे नेणारी). बहुतेक मोठ्या कूलरबरोबर येते.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड किंवा कॉफी फिल्टर. अत्तर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यांपैकी काहीही चालणार नाही.
- फोनचा टॉर्च धरायला कोणीतरी. भाऊ, बहीण, शेजारचा कोणी, कोणीही चालेल. जड कूलर एकट्याने बसवता येतो, पण दुसरे दोन हात असले की काम निम्मं सोपं होतं.

कागदांपैकी प्रत्येक भागाचं जीएसटी बिल, त्यावर सीरियल नंबर लिहून घेतलेलं. प्रोसेसर, बोर्ड आणि कूलरची खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर टाका. मदरबोर्डच्या सॉकेटवरची प्लॅस्टिकची टोपीसुद्धा फेकू नका. बोर्ड वॉरंटीत परत द्यायची वेळ आली तर ती मागतात, आणि पिना झाकायला दुसरं काही नसतं.

३. बोर्ड बाहेरच तयार करा

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, दोन्ही रॅम (चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी) आणि एम.२ एसएसडी (बोर्डावरच बसणारी पट्टीसारखी ड्राइव्ह) आत्ताच बसवा. पहिली एम.२ जागा बऱ्याच बोर्डांवर सॉकेटच्या अगदी खाली असते. मोठा कूलर चढल्यावर तिथला बारीक स्क्रू दिसतही नाही.

स्थिर विजेसाठी आपल्याकडच्या दमट हवेत फार बाऊ करू नका. अधूनमधून एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) धातूला हात लावा, एवढं पुरे. नायलॉनच्या गालिच्यावर बसून मात्र काम करू नका.

४. बॅकप्लेट आणि स्टँडऑफ

इथे सॉकेटनुसार वाट वेगळी होते.

इंटेल: बॅकप्लेट कूलरच्या खोक्यातून येते आणि बोर्डाच्या मागून लागते. तिच्या टोकांना बऱ्याचदा दोन-तीन भोकं किंवा सरकणारे खिळे असतात, वेगवेगळ्या सॉकेटसाठी. चारही कोपरे १७०० च्या खुणेवर आहेत ना, हे पाहा. तीन बरोबर आणि एक जुन्या खुणेवर राहिला की प्लेट तिरकी ताणली जाते.

एएम४: बोर्डावर आधीच दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्यांचे चार स्क्रू काढले की मागची बॅकप्लेट सुटून खाली पडते. एक हात मागे ठेवा. बहुतेक कूलर हीच मूळ प्लेट वापरतात, त्यामुळे ती टाकून देऊ नका.

एएम५: इथे बॅकप्लेट सॉकेटलाच जखडलेली असते, पडत नाही. फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढायच्या. सॉकेटच्या चौकटीच्या स्क्रूंना हात लावायचा नाही.

मग स्टँडऑफ (कूलरच्या पट्ट्या बोर्डापासून उंच धरणारे छोटे खांब) आणि त्यावर धातूच्या पट्ट्या. एएमडीवर भोकांचा चौकोन लांबट आहे, त्यामुळे पट्ट्या कोणत्या बाजूंना लावल्या यावर कूलरचं तोंड कुठे होईल ते ठरतं. आपल्याला हवा पुढून मागे जायला हवी, खालून वर नको. माहितीपत्रकातलं चित्र नीट पाहा आणि मगच कसा.

५. पेस्ट

पेस्टवर लोक तासभर भांडतात, काम दोन मिनिटांचं आहे. प्रोसेसरचं वरचं धातूचं झाकण अल्कोहोलने पुसा. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवा. एलजीए १७०० चं झाकण लांबट आहे, तिथे छोटी उभी रेघ किंवा फुली काढा. पसरवत बसू नका, कूलरचा दाब ते काम करतो. एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा आहेत, त्यात थोडी पेस्ट गेली तर नेहमीची पेस्ट वीजवाहक नसल्याने बिघडत काही नाही. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरतात तो पातळ धातू) मात्र वीज वाहून नेतं. नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता कूलर उलटा करा आणि त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा. ती पूर्ण आरपार दिसते आणि हमखास राहून जाते. प्रोसेसर सुरू होताच शंभरीला टेकला, तर आधी हीच शंका घ्या.

६. कूलर ठेवणं आणि कसणं

सगळे फॅन काढून ठेवा. आधीच लावलेले आले असतील तरी काढा. एके६२० सारख्या कूलरमध्ये मधला फॅन काढल्याशिवाय स्क्रूपर्यंत ड्रायव्हर पोहोचतच नाही. कूलरच्या धातूच्या पात्यांच्या कडा धारदार असतात. कूलर तळाजवळच्या नळ्यांच्या बाजूने धरा, पात्यांना पकडून नाही.

सरळ वरून खाली उतरवा. एकदा पेस्टला टेकला की उचलू नका आणि फिरवूही नका. उचलला तर हवा अडकते; पुसून पेस्ट पुन्हा लावणं उत्तम.

कोणीतरी कूलर वरून हलक्या हाताने सरळ धरून ठेवावा, कसणाऱ्याने फक्त स्क्रू पाहावेत. दोन्ही बाजूंचे स्क्रू आधी फक्त धरतील इतके फिरवा, दोन-तीन आटे. मग डाव्या स्क्रूला अर्धा फेरा, उजव्या स्क्रूला अर्धा फेरा. चार स्क्रू असतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांत, फुलीसारखं. एक बाजू पूर्ण कसून मग दुसरीकडे गेलात, तर कूलर आधी एका कडेवर झुकतो, पेस्ट एका बाजूला ढकलली जाते आणि प्रोसेसरच्या त्या कडेवर नको तेवढा भार येतो. दुसऱ्या बाजूचा स्क्रू मग भोकापर्यंत पोहोचत नाही, आणि माणूस जोर लावतो. आटे जातात ते त्या जोराने.

किती कसायचं? चांगल्या कूलरच्या स्क्रूंना स्प्रिंग असते आणि शेवटी ते स्वतःच अडतात. अडले की थांबा. "अजून थोडं घट्ट असू दे" हा आपला पंखा टांगतानाचा स्वभाव इथे उपयोगाचा नाही, दाब स्प्रिंग ठरवते, मनगट नाही. कूलर दोन बोटांनी अलगद हलवून पाहा: कूलरबरोबर बोर्डही हलला तर बरोबर बसलाय. कूलर एकटाच घसरला तर स्क्रू कुठेतरी अडकून खोटाच थांबलाय, पुन्हा पाहा.

७. फॅन

फॅनची ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे आणि स्टिकर दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. ती बाजू कॅबिनेटच्या मागे हवी. दोन्ही फॅन एकाच दिशेला. खोक्यातल्या इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या केबलने दोन्ही जोडून बोर्डावरच्या 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावा. तिथे काही नसेल तर बोर्ड सुरू होताना चूक दाखवून थांबू शकतो.

फॅनच्या तारेच्या क्लिपा ताणताना त्या सुटून बोर्डावर आपटतात. दुसऱ्या हाताचा अंगठा क्लिपेवर ठेवूनच ताणा. पुढचा फॅन हवं तर कॅबिनेटमध्ये गेल्यावर लावा, वरच्या कोपऱ्यातल्या कामाला जागा मिळते.

८. बाहेरच एकदा चालू करा

ही पायरी लोक गाळतात, मी कधीच गाळणार नाही. खोक्यावरच्या बोर्डाला एसएमपीएसची मोठी २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल लावा, स्क्रीन जोडा आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय) नसेल तर वेगळं ग्राफिक कार्डही लावावं लागेल. भिंतीवरचं विजेचं सॉकेट तीन पिनांचं आणि अर्थिंगवालं हवं.

एएम५ आणि डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून बंद करू नका, चहा करून या. बायोस (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जचं पान) दिसलं की तापमान पाहा. ते स्थिर राहिलं पाहिजे, सेकंदासेकंदाला चढत असेल तर लगेच बंद करा आणि सहाव्या पायरीवर परत जा.

९. कॅबिनेटमध्ये

कॅबिनेट आडवं झोपवा, दोन्ही बाजूंची झाकणं आणि वरचे फॅन काढा. प्रोसेसरची ८ पिनांची केबल वरच्या डाव्या कोपऱ्यातून आधीच ओढून ठेवा. मोठा कूलर आत गेल्यावर त्या कोपऱ्यात बोट जात नाही. आयओ शील्ड (मागच्या जोडण्यांभोवतीची पत्र्याची चौकट) सुटं असेल तर तेही आधीच लावा.

बोर्ड उचलताना एका हाताने बोर्डाची कड, दुसऱ्याने कूलरला तळाजवळ आधार. नुसत्या कूलरला धरून बोर्ड लटकवू नका. बोर्डाला जितकी भोकं, तितके स्क्रू लावायचेच. एटीएक्स मापाच्या बोर्डाला साधारण ९ असतात. हलक्या कूलरसोबत दोन-तीन कमी पडले तरी निभावतं. इथे मात्र सगळा भार शेवटी या स्क्रूंवरून कॅबिनेटच्या पत्र्यात उतरतो. सॉकेटच्या वरचे दोन तर अजिबात चुकवू नका.

ग्राफिक कार्ड सर्वांत शेवटी. काही बोर्डांवर कार्डाची पहिली पीसीआय एक्स्प्रेस खाच कूलरच्या इतकी जवळ असते की कार्डाची खिटी बोटाने दाबता येत नाही. प्लॅस्टिकची पट्टी किंवा आइस्क्रीमची काडी वापरा, धातूचं काही नको.

मग कॅबिनेट सावकाश उभं करा आणि बाजूने पाहा: कूलर बोर्डाशी काटकोनात आहे का, बोर्ड मधोमध वाकलाय का. झाकण लावताना काच कुठे टेकते का ते बघा.

एक सांगायचं राहिलं. आपल्याकडच्या फ्लॅटांमधल्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेटसाठी खाली बंद कप्पा असतो, मागे भिंत. त्यात हे सगळं कोंबलंत तर दोन मनोऱ्यांचा कूलर स्वतःचीच गरम हवा फिरवत बसेल. कप्प्याची मागची फळी कापा, नाहीतर कॅबिनेट टेबलावर घ्या.

१०. तापमान तपासणं

एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा. आकडे वाचताना खोलीचं तापमान लिहून ठेवा, डिसेंबरचा आणि मेचा आकडा एक नसणार. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीची मर्यादा १०० आहे. म्हणून नुसता ९० दिसला की कूलर चुकीचा बसला असं नाही. वाईट बसल्याची खूण वेगळी असते: साधं ब्राउझर उघडलं तरी तापमान उडी मारतं, किंवा भार टाकताच दोन-तीन सेकंदांत मर्यादेला जाऊन भिडतं.

पात्यांत धूळ बसते, घोडबंदर किंवा खारघरकडे बांधकाम चालू असेल तर जरा लवकरच. मऊ ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेडावाकडा फिरतो.

११. घर बदलताना

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला की पॅकर्सवाले येतात आणि कॅबिनेट गादी आणि कपाटाच्या मधे उभं खोचतात. त्यांना आत काय लटकतंय ते माहीत नसतं. ७०० ग्रॅमच्या वरचा कूलर असेल तर प्रवासाआधी काढून त्याच्या खोक्यात घाला, ग्राफिक कार्डही. वेळ नसेल, ठाण्यातल्या ठाण्यात जायचं असेल, तर कॅबिनेट आडवं, काचेची बाजू वर, खाली घडी घातलेली चादर, आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर गाडीच्या मागच्या सीटवर. आडवं ठेवलं की बोर्ड जमिनीला समांतर येतो आणि कूलर त्यावर उभा राहतो, ओढ पडत नाही. ट्रकमध्ये आडवं ठेवायला सांगून भागत नाही, पुढच्या वळणावर त्याच्यावर मिक्सरचं खोकं येतं.

काढताना दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून वायर काढा. स्क्रूही कसले तसेच सोडवायचे, आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. एएम४ वर विशेष जपा. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट बंद असतानाही कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटूनच बाहेर येतो, पिना वाकवून. आधी कूलर थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे पिळा, पेस्ट सुटल्याचं हाताला जाणवेल, मगच उचला. एएम५ आणि इंटेलवर प्रोसेसर चौकटीत जखडलेला असतो, त्यामुळे ही भीती नाही.

नव्या घरी जुनी पेस्ट दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसा आणि नवी लावा. जुन्या पेस्टवरच कूलर परत ठेवला तर मधे हवेचे कप्पे राहतात. पेस्टची छोटी ट्यूब आणि चार स्क्रूंची पुडी कूलरच्याच खोक्यात चिकटपट्टीने लावून ठेवा. सामान उतरवल्यावर त्या दिवशी तुम्हाला कढई सापडणार नाही, तर स्क्रू कुठून सापडणार.